पट्टा तुटायच्या आधी काय काय सांगतो

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी हे वाचलं तरी त्याला धागा लागेल. तासगावजवळ तुमची पिठाची गिरणी आहे. दहा एचपीची मोटार, तिच्यावर ६ इंची पुली, गिरणीवर १४ इंची आणि मधे बी-८८ चे, म्हणजे बी मापाचे आणि आतून ८८ इंच लांबीचे, तीन व्ही पट्टे. पट्टे बसवून दहा महिने झाले. सकाळी पहिल्यांदा चालू करताना पाच-सात सेकंद किंचाळतात, मग गप्प होतात. तिघांतला एक कडेनं उसवायला लागलाय. गेल्या वर्षी दिवाळीच्या भाजणीच्या गर्दीत एक पट्टा तुटला आणि दोन दिवस गिरणी बंद राहिली. दुकानदार म्हणतो, सहा महिने झाले की डोळे झाकून बदला. शेजारचे गिरणीवाले म्हणतात, राळ टाका, आवाज थांबेल. तुम्ही विचारताय की पट्टा संपत आलाय हे तुटायच्या आधी ओळखायचं कसं.

दोघांचंही ऐकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तीस-बत्तीस वर्षं मी सांगली-मिरज भागात हेच काम करतोय. पिठाच्या गिरण्या, हळदीचे पॉलिशचे ड्रम, गुऱ्हाळाचे चरक, कडबाकुट्ट्या, कुपवाडच्या एमआयडीसीतले कॉम्प्रेसर, सगळीकडे पट्टे बघितलेत. चांगला पट्टा नीट बसवला तर तुमच्यासारख्या गिरणीवर दोन-तीन वर्षं आरामात चाललेला मी पाहिलाय, आणि तोच पट्टा दुसऱ्या गिरणीवर चार महिन्यांत चिंध्या झालेलाही पाहिलाय. फरक पट्ट्यात नव्हता. पट्टा एकटा झिजत नाही, तो पुलीच्या खाचेत झिजतो. म्हणून झिजलेला पट्टा बघायचा म्हणजे तो कुठे झिजलाय ते बघायचं. जागा कळली की कारण कळतं. कारण न शोधता नवीन पट्टा चढवला तर तोही त्याच वाटेनं जातो.

व्ही पट्टा पकडतो कशानं, हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या. बऱ्याच जणांना वाटतं तो खाचेच्या तळावर बसून पुली फिरवतो. तसं नाही. तो दोन्ही कडांनी खाचेच्या भिंतींत पाचर ठोकल्यासारखा रुततो आणि तळाशी मोकळी जागा राहते. बी पट्टा वरून १७ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर जाड असतो, त्याच्या कडांमधला कोन ४० अंशांचा. पुलीची खाच मात्र ३४ ते ३८ अंशांची कापलेली असते आणि पुली जितकी लहान तितका कोन कमी. कारण पट्टा वाकला की आतल्या बाजूनं फुगतो आणि त्याचा कोन बदलतो. म्हणजे सगळी कमाई त्या दोन कडांची आहे. कडा गुळगुळीत झाल्या किंवा खाचेच्या भिंती खोलगट झाल्या की पाचर बसत नाही. मग पट्टा खाली खाली उतरतो आणि शेवटी तळाला टेकतो. तळाला टेकला की त्याची पकड जवळपास गेलीच.

आता तुमच्या गिरणीवर त्या पट्ट्यांना किती काम पडतं ते बघा. मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटार, ६ इंची पुली. म्हणजे पट्टा सेकंदाला साधारण साडेअकरा मीटर धावतो. बी-८८ चा एक पूर्ण वेढा २.२८ मीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला पाच वेढे. प्रत्येक वेढ्यात तो दोन पुल्यांवर दोनदा वाकतो. सेकंदाला दहा वेळा, तासाला छत्तीस हजार वेळा. दिवसाला सहा तास गिरणी चालली तर दोन लाखांच्या वर. इतकं वाकूनही तो वर्षानुवर्षं टिकतो, कारण वाकणं त्याला सोसतं. त्याला सोसत नाही ती उष्णता, आणि उष्णता बहुतेक वेळा येते घसरण्यातून.

घसरण मोजताही येते. हिशेबानं गिरणीचा वेग १४४० गुणिले ६ भागिले १४, म्हणजे ६१७ फेऱ्या यायला हवा. तुमची मोटार बरोबर १४४० ला फिरत नसेल, पुलीचं माप थोडं इकडेतिकडे असेल, म्हणून या आकड्याला देव मानू नका. नवीन पट्टे बसवून ताण स्थिरावला की धान्याचा हॉपर भरलेला असताना मोटारीचा आणि गिरणीचा वेग एकाच वेळी मोजा आणि भिंतीवर खडूनं नाही, रंगानं लिहून ठेवा. चकाकणारी चिकटपट्टी लावून लांबून वेग मोजणारं यंत्र हल्ली सहज मिळतं, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे तर असतंच. पुढे दर महिन्याला तसंच भरल्या हॉपरवर मोजायचं. एक-दोन टक्क्यांची घसरण चालते. पण मोटार १४४० वरच आहे आणि गिरणी ६१७ च्या जागी ५८० दाखवतेय, तर सहा टक्के घसरण झाली. मोटार पूर्ण दहा एचपी देत असेल तर त्यातले साडेचारशे वॅट पिठाला न मिळता नुसते पट्टा आणि पुली तापवण्यात चाललेत. इस्त्रीच्या निम्म्याइतकी उष्णता दिवसभर मोटारीच्या छोट्या पुलीत ओतली जातेय असं समजा. आमच्या धंद्यात एक ढोबळ नियम आहे की पट्ट्याचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. तासगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली मुळातच किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको.

यंत्र नसेल तरी हरकत नाही. पट्टा संपत आला की तो आपणहून सांगतो, आणि बहुतेक वेळा एका क्रमानं सांगतो. माझ्या अनुभवात आधी भुकटी दिसते, मग आवाज येतो, मग ताप, आणि भेगा सगळ्यात शेवटी. लोक भेगांची वाट बघत बसतात, तिथेच चुकतं.

भुकटीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण गिरणीवाल्यांइतकी ही खूण दुसऱ्या कुणालाच स्वच्छ दिसत नाही. तुमच्याकडे सगळीकडे पिठाचा पांढरा थर असतो. मशीन बंद करून पट्ट्याची जाळी काढा आणि मोटारीच्या पुलीखालची जमीन बघा. पट्टा ठीक असेल तर तिथलं पीठ पांढरंच, फार तर करडं असतं. पट्टा झिजत असेल तर पुलीच्या बरोबर खाली पिठावर काजळाच्या बोटासारखी काळी रेघ उठते. चिमटीत घेऊन चोळा. रबराची भुकटी बोटाला काळी माखते आणि मऊ लागते. लोखंडाचा कीस असेल तर कचकचतो, चुंबकाला चिकटतो आणि गंजून तांबूस होतो. मऊ काळी भुकटी म्हणजे पट्टा झिजतोय, चुंबकाला चिकटणारी म्हणजे पुली झिजतेय, आणि दोन्ही मिसळलेली असेल तर दोघंही. ही रेघ पट्ट्यांच्या मधोमध आहे की एका बाजूला सरकलेली आहे, तेही बघा. एका बाजूला असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत, पट्ट्याची एकच कड घासतेय. हळदीच्या पॉलिशवर हेच पिवळ्यावर काळं दिसतं. सांगलीतल्या हळदीवाल्यांना मी दर हंगामाच्या सुरुवातीला जाळीखालची जागा झाडून कोरी करायला सांगतो, म्हणजे नवीन रेघ कधी उमटली ते कळतं. तुम्हीही तेवढं करा. रविवारी झाडायचं आणि पुढच्या रविवारी बघायचं.

तुमच्या आवाजाचं आता. चालू करताना पाच-सात सेकंद किंचाळून गप्प होतो, म्हणजे मोटार जोर घेते तेव्हा पट्टा घसरतोय आणि वेग आला की पकडतोय. सकाळीच होतं, कारण रात्रभर थांबलेले दगड सुरुवातीला जड फिरतात आणि खाचेत पिठाचा दमट थर बसलेला असतो. पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी. नुसता ताण कमी असेल तरी असाच आवाज येतो. ताण दिल्यावर दोन-तीन महिने शांत राहिला तर पट्टा चांगला आहे. आठवड्याभरात परत किंचाळायला लागला तर मात्र पट्ट्याच्या कडा चकाकल्यात किंवा खाच झिजलीय, आणि आता नुसत्या पान्यानं काम होणार नाही. भरल्या हॉपरवर मधूनच किंचाळत असेल तर लगेच बघा. आणि चीं चीं ऐवजी फट् फट् असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर पट्टा ढिला होऊन जाळीला थापटतोय किंवा त्याचा एखादा तुकडा निघालाय. त्या आवाजावर दळण पुढे रेटू नका.

ताप बघायचा तो मशीन थांबवल्यावर लगेच. आता एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती तरी सांगणार, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगायची माझी तयारी नाही. पट्ट्याला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढायचे आणि ते स्वतःच्या खिशात ठेवायचे. स्टार्टरचं बटण दाबलं एवढ्यावर भागत नाही. लाईट गेलीय म्हणून हात घालायचा, हे तर अजिबात नाही. आपल्याकडे लाईट कधी येईल याचा नेम नसतो, आणि कधी घरातलं पोर येऊन बटण दाबतं. माझ्याबरोबर काम शिकलेल्या एकाची दोन बोटं पट्टा आणि पुलीच्या मधे गेली. पट्टा हातानं फिरवून बघत होता, तेव्हा दुसऱ्यानं पलीकडून स्टार्टर दाबला. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यात फिरत्या भागांना कुंपण सक्तीचं आहे. तुमच्या छोट्या गिरणीवर कुणी तपासायला येवो न येवो, जाळी हवीच. दळण घेऊन बायका येतात, साडीचा पदर, ओढणी, लहान मुलं, सगळं त्या पट्ट्याशेजारून जातं. तुम्ही लिहिलंय की जाळी काढून ठेवलीय, हवा लागावी म्हणून. आजच बसवा. पत्र्याची बंद जाळी असेल तर भोकाची करून घ्या, हवा खेळेल.

तर फ्यूज खिशात टाकून पट्ट्यावर तळहात ठेवा. कोमट किंवा गरम लागणं ठीक. पाच सेकंद हात ठेवता येत नसेल तर तो साठ अंशांच्या वर गेलाय. मग दोन्ही पुल्यांना हात लावा. छोटी जास्त तापलेली असते, तिथे पट्ट्याला कमी वेढा मिळतो आणि तीच जास्त वेळा फिरते. तिन्ही पट्टे वेगवेगळे बघा. एक गार आणि दोन गरम असतील तर गार असलेला बसून खातोय, काम दोघंच करताहेत.

आता पट्टा उतरवून बघायचा. उतरवायचा म्हणजे मोटार ज्यावर सरकते त्या रेलवर ती पुढे सरकवून, ढिला करून. पहारीनं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून कधीच नाही. पट्ट्याच्या आत वरच्या भागात दोऱ्यांचा थर असतो, सगळी ओढ तो सोसतो. उचकटलं की कडेचे दोन-तीन दोरे आतल्या आत तुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि आठ दिवसांनी पट्टा खाचेत उलटा पडतो. दुकानदाराला शिव्या बसतात. तुमचा गेल्या दिवाळीचा पट्टा अचानक तुटला, कडा चांगल्या होत्या असं तुम्ही म्हणता, तर मला हाच संशय आहे. तो कुणी चढवला होता आणि कसा चढवला होता, आठवून बघा.

उतरवल्यावर पुसा आणि उजेडात उलटा करून बोटात वाकवत पूर्ण वेढा बघत जा. कडा काचेसारख्या चकाकत असतील तर घसरलाय. आतल्या बाजूला आडव्या भेगा असतील तर उष्णतेनं आणि वयानं कडक झालाय. एक-दोन उथळ भेगा दिसल्या म्हणून घाबरू नका, पण बोटाबोटाच्या अंतरावर भेगा असतील आणि त्या दोऱ्यापर्यंत पोचल्या असतील तर तो पट्टा गेला. एकाच कडेचं कापड उसवलंय तर पुल्या रेषेत नाहीत किंवा जाळीला घासतोय. तुमचा पट्टा यातच बसतो. दोन्ही कडा सारख्या खाल्ल्या असतील आणि पट्टा अरुंद झाला असेल तर खाच झिजलीय. मऊ, फुगलेला, चिकट लागला तर बेअरिंगचं तेल-ग्रीस उडतंय, ते आधी बंद करा. तळ घासून चकचकीत झाला असेल तर तो खाचेच्या तळाला टेकत होता. आणि कड अर्धगोल, दातेरी कुरतडलेली दिसली तर तो उंदीर आहे. हसू नका, गिरणीत हे मी कित्येकदा बघितलंय, पिठाच्या वासानं येतात आणि पट्टा कुरतडतात.

पट्टा बघून झाला की त्याला बाजूला ठेवा आणि पुलीकडे वळा. इथे मी स्वतः चुकलोय ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला तेव्हा सांगलीतल्या कितीतरी गिरण्या आठवडाभर पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर रोज चार-चार ठिकाणी जावं लागायचं. मोटारी काढून रिवाइंडिंगला द्यायच्या, बेअरिंग बदलायचे, नवीन पट्टे चढवायचे आणि पुढच्या दारात जायचं. लोकांचं हातावर पोट, सगळ्यांनाच घाई. एका गिरणीवर मी बसवलेला नवा संच तीन महिन्यांत खलास झाला. मी म्हटलं, माल खराब आला. दुसरा संच बसवला, तोही गेला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या गिरणीवाल्यांच्या आई म्हणाल्या, "अरे बाबा, त्या चाकाला एकदा हात तरी लाव." बोट फिरवलं तर खाचेच्या भिंती पॉलिश पेपरसारख्या खरखरीत. पुराच्या पाण्यानं गंजलेल्या, गंजाची खवलं तशीच. मी वरवर तारेचा ब्रश मारला होता, खाचेत खोल बघितलंच नव्हतं. पुली लेथवर नेऊन खाचा साफ करून घेतल्या आणि मग तो तिसरा संच दोन वर्षांच्या वर चालला. पहिल्या दोन संचांचे पैसे मी परत केले. तेव्हापासून पट्ट्याच्या आधी खाचेत बोट घालतो.

खाच झिजलीय का हे बघायला कारखान्यात मापाची पत्री असते. तुमच्याकडे नसेल तर नवीन पट्ट्याचा वेढा हातात घेऊन तो खाचेत दाबून बसवा. नवीन पट्ट्याचा माथा पुलीच्या कडेला समपातळीत किंवा किंचित वर यायला हवा. कडेच्या दीड-दोन मिलिमीटर खाली गेला तर खाच रुंद झालीय. मग मागून बॅटरीचा उजेड टाका आणि पुढून पट्टा आणि भिंतीच्या फटीत बघा. भिंत सरळ असेल तर उजेड दिसत नाही. मधोमध चंद्रकोरीसारखी उजेडाची फट दिसली तर भिंत खोलगट झालीय. ही खोलगट ०.८ मिलिमीटरच्या वर गेली की पुली बदलायची. तिन्ही खाचा वेगवेगळ्या बघा, सगळ्या सारख्या झिजत नाहीत. आणि खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर खाच गेलीच, पुढचं काही मोजायची गरजच नाही. अजून एक, तळाशी पिठाची पापडी जमून दगडासारखी घट्ट होते आणि पट्टा वर उचलून धरते. माप बघायच्या आधी ती खरवडून काढा. पुली बदलायचा खर्च लोकांना टोचतो, पण तोच खर्च ते पट्ट्यांच्या दोन-तीन संचांत करून बसतात, आणि दळण बुडतं ते वेगळंच.

राळेचं आता निकालात काढू. माझे वस्ताद ऑईल इंजिनवर चामड्याचे आणि कॅनव्हासचे सपाट पट्टे चालवायचे, तेव्हा राळ किंवा पट्ट्याचं मेण लावायची रीत होती. सपाट पट्टा पृष्ठभागावर चिकटूनच चालतो, तिथे तिचा थोडाफार उपयोग होता. व्ही पट्टा पाचरीनं चालतो. त्याच्या कडांना राळ लावली की दोन दिवस आवाज बंद होतो, मग तिच्यावर पीठ बसतं, दोन्ही मिळून भाजून कडक थर होतो आणि कड गुळगुळीत होते. म्हणजे ज्या घसरणीसाठी लावली तीच वाढते. साबण, डांबर, डिझेल, सगळ्यांचं तेच. आवाज हा पट्टा बोलतोय असं समजा, त्याचं तोंड दाबून काही साधत नाही.

तुमच्या गिरणीसाठी मी असं करीन. एक दिवस सोमवारी किंवा तुमच्या सुट्टीच्या वारी काढा. आधी दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून सुतळी ताणा. सुतळी मोठ्या पुलीला दोन ठिकाणी आणि छोट्या पुलीला दोन ठिकाणी टेकली पाहिजे. दोन्ही पुल्यांच्या कडेची जाडी सारखी नसेल तर तेवढा फरक धरा. तुमच्या पुल्यांमधलं अंतर ७३ सेंटीमीटरच्या आसपास येईल. तेवढ्यात सहा मिलिमीटरपेक्षा जास्त तिरकं नको, तुम्ही दोन-तीनच्या आत आणा. एका कडेनं उसवणारा तुमचा पट्टा याच जागी बोलतोय असं मला वाटतं. मोटारीच्या रेलचे बोल्ट आणि खालचा सिमेंटचा ठोकळाही हलवून बघा. रेल ढिली असेल तर ओढीनं मोटार तिरकी होते, आणि तुम्ही सुतळी धरता तेव्हा मात्र सरळ दिसते.

मग खाचा बघा, वर सांगितलं तसं. मोटारीची पुली मला झिजलेली सापडेल असा अंदाज आहे. बदलावी लागली तर ६ इंचीच घ्या, वेग वाढतो म्हणून लहान-मोठी करू नका. बी पट्ट्याला १२५ मिलिमीटरपेक्षा लहान पुली तर कधीच नको, त्यावर तो मोडल्यासारखा वाकतो.

पट्टे तिन्ही एकदम बदला. उसवलेला एकच बदलू नका. दहा महिन्यांचे दोन थोडे ताणलेले आहेत, नवा आखूड आहे, सगळी ओढ एकट्या नव्यावर येते आणि तो सगळ्यात आधी जातो. तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच वेळी आलेल्या मालातले घ्या, आणि दुकानात काउंटरवरच एकमेकांशेजारी लटकवून लांबी बघा.

ताण देताना अंगठ्यानं दाबून "बरोबर वाटतंय" असं नको. दोन पुल्यांच्या मधल्या ७३ सेंटीमीटरच्या मोकळ्या भागात, मधोमध, पट्ट्याला स्प्रिंगचा छोटा वजनकाटा अडकवून काटकोनात ओढा. मीटरला १६ मिलिमीटर हे माप धरतात, म्हणजे तुमच्याकडे १२ मिलिमीटर. तेवढा सरकायला एका पट्ट्याला दोन ते तीन किलो ओढ लागली तर ताण योग्य. नवीन पट्ट्याला पहिल्या दिवशी थोडा जास्त द्या, तीन-साडेतीन किलोपर्यंत, कारण तो खाचेत बसला की ढिला होतो. एक-दोन दिवस गिरणी चालवून परत मोजा आणि परत ओढा. बहुतेक ठिकाणी ही दुसरी ओढ कुणी देतच नाही, आणि नवा पट्टा पहिल्याच आठवड्यात घसरून चकाकतो. उलट बाजूनं फार आवळलात तर पट्ट्याचं आयुष्यही कमी होतं आणि मोटारीचं पुढचं बेअरिंग तापायला लागतं. मोटारीच्या पुलीकडच्या तोंडावर हात ठेवून बघत जा.

ताणाचे बोल्ट किती फेरे फिरवले तेही भिंतीवरच लिहा, वेगाच्या आकड्याशेजारी. वर्षभरात रेल जवळपास संपेपर्यंत मोटार मागे सरकली असेल तर पट्ट्याचे दोरे ताणले गेलेत किंवा खाच खाल्ली गेलीय, मग तो वरून कितीही नवा दिसो.

बदलायचं कधी, हे तुम्हाला दुकानदारानं सांगायला नको. तुमची गर्दी ठरलेली आहे. उन्हाळ्यात पापड-कुरडयांचं, दिवाळीआधी भाजणीचं. त्याच्या महिनाभर आधी जाळी काढून पंधरा मिनिटं बघायचं: भुकटी, कडा, खाच, ताण. काळी रेघ उठलीय, ताण महिन्यात दोनदा द्यावा लागतोय आणि कडा चकाकल्यात, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर भेगा नसल्या तरी बदला. त्यातली एकच दिसत असेल तर कारण दुरुस्त करा आणि पट्टा चालू द्या.

उतरवलेल्या जुन्या तिघांपैकी उसवलेला टाकून द्या. बाकीचे दोन पुसून, सैल गुंडाळून, उन्हापासून आणि उंदरांपासून लांब ठेवा. कधी अडचणीच्या दिवशी नवीन संच यायला वेळ लागला तर ते दोनच चढवा, नव्यात मिसळू नका, आणि तेवढा दिवस हॉपरला धान्य हात राखून सोडा. दोन पट्ट्यांवर दळण हळू निघेल, पण गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाणार नाही. सुतळी लावल्यावर किती तिरकं निघालं आणि खाचेत उजेड दिसला का, एवढं मला कळवा. मोटारीच्या पुलीचा शाफ्ट किती मिलिमीटरचा आहे आणि पुली शाफ्टवर पक्की धरणारी चावी कोणत्या मापाची तेही लिहा, म्हणजे पुली घ्यायला जायच्या आधी काय मागायचं ते सांगतो.